डंपिंगच्या सावलीत दळलेली हळद

माझ्या अंगणातलं ऊन लवकर जातं. गावात बाकीकडे पोरं अजून क्रिकेट खेळत असतात आणि माझ्या ओट्यावर सावली येऊन बसलेली असते. पूर्वी असं नव्हतं. ओट्यावर बसलं की समोर खाजण, त्याच्यापलीकडे खाडी, आणि सूर्य सरळ पाण्यात उतरताना दिसायचा. आता मधे डोंगर आहे. हा डोंगर देवाने केलेला नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या घराघरातून सकाळी जो कचरा खाली येतो, तो वर्षानुवर्षं इथे येऊन पडला आणि पडता पडता माझ्या कौलांच्या वर गेला. सगळे त्याला डंपिंग म्हणतात. मीही म्हणतो. दुसरं नाव कोणी ठेवलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेलो. पुढे मास्तर दोनदा घरी आलेले, पण मी गेलो नाही. मिठागरावर हात कमी होते आणि मला वर्गापेक्षा मिठागर बरं वाटायचं. तेव्हा ह्या लिहिण्यातलं शुद्धलेखन कोणाला सुधारायचं असेल तर खुशाल सुधारा. मजकुराला हात लावू नका.

हे माझ्या नातीच्या हळदीबद्दल आहे.

आमच्यात मुलीची हळद तिच्या बापाच्या घरच्या जात्यावर दळतात. जात्याला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधायचा, घरच्या आणि भावकीतल्या बायकांनी आळीपाळीने जातं फिरवायचं आणि धवले म्हणायचे. धवले म्हणजे आमची लग्नातली जुनी गाणी. ती पोरींना आता येत नाहीत. माझ्या आत्यांची हळद आमच्या जात्यावर दळलेली, बहिणींचीही. मुलाला एकच पोर, ती ही नात. तिच्यानंतर ह्या घरात हळद दळायला कोणी नाही. म्हणून मी हट्टाला पेटलेलो. काय वाट्टेल ते होवो, तिची हळद ह्या घरात दळली गेलीच पाहिजे.

आता घराचं सांगतो.

मुलगा रांगायचा सोडून चालायला लागलेला, तेव्हा पहिली गाडी आली. ही खोलगट जागा आहे, भरून काढू, वर मैदान होईल, असं ऑफिसातली माणसं सांगून गेलेली. कोण नाही म्हणणार? भरतीचं पाणी बांध फोडून भातात शिरायचं, त्यापेक्षा मैदान काय वाईट. पोरं गाडीमागे धावायची. माझ्या बायकोने तिथून काचेच्या दोन बाटल्या आणलेल्या, राखेने घासून त्यात खोबरेल ठेवायची. एकाला तर सागवानी खुर्ची मिळालेली, एक पाय नसलेली. त्याने तिला बांबूचा पाय लावला आणि वर्षभर त्याच खुर्चीवर बसून मोठेपणा केला.

मग माश्या आल्या. पावसाळ्यात भातावर इतक्या बसायच्या की भात काळा दिसायचा. बायकोने त्यावर उपाय काढला. मच्छरदाणी लावायची आणि आम्ही सगळ्यांनी ताटं घेऊन आत बसून जेवायचं. मी, ती, मुलगा, पुढे सून, मग नात. पाच माणसं एका मच्छरदाणीत मांडीला मांडी लावून जेवायची. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही काय मासळी आहे का जाळ्यातली. नात आत हसत सुटायची. आता मी एकटाच आत बसतो. मच्छरदाणी तीच आहे. आत जागा खूप वाटते.

विहिरीचं पाणी आधी पिवळट झालं, मग त्यावर तेलासारखा तवंग आला. बायकोने कळशी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "ह्या पान्यात कायतरी हाय."

मी म्हटलं, "ही माझ्या बापाची विहीर आहे," आणि सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायलो. मला काही झालं नाही. म्हणजे दोन दिवस पोट बिघडलेलं, पण ते वांग्याने.

बायकोचं नाक फार तिखट. दूध नासणार असेल तर ते नासायच्या आधी तिला कळायचं. पातेलं उचलून हुंगायची आणि म्हणायची, "आता पी, सांजच्याला राहनार नाय." सुक्या बोंबलाची पिशवी बाजारात नुसती उघडून सांगायची, जुना आहे की नवा. भाकरीचं पीठ, तेल, पाऊस, सगळं तिला आधी कळायचं. घराचं नाक तीच होती, त्यामुळे मला माझं कधी वापरावं लागलं नाही.

ती खोकत खोकत गेली. डॉक्टरने विचारलं, बिडी ओढायच्या का? मी म्हटलं, ती काय बिडी ओढेल, मी ओढली तर माझ्या हातातली काढून चुलीत टाकायची. मग गेली कशाने? तो म्हणाला, वय झालेलं. माझं वय तिच्यापेक्षा जास्त होतं. मी समोरच उभा होतो.

मुलगा त्याच्याही आधी गेला. म्हणजे राहायला गेला. नात तेव्हा शाळेत जाऊ लागलेली. एके दिवशी दप्तर माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजोबा, ह्याला वास येतोय का?"

मी दप्तर हुंगलं. "दप्तराचा येतोय."

"बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. एकटीला."

"चांगलं आहे की. हवा येईल."

तिच्या आईने ते आतून ऐकलं. पुढच्या सुट्टीत टेम्पो आला आणि त्यांचं सामान डोंबिवलीला गेलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघंही चला." मी म्हटलं, घर सोडून जायला मी काय भाडेकरू आहे? बायकोने माझ्याकडे बघितलं, मग सामानातलं तिचं गाठोडं काढून परत आत नेलं. तिला जायचं होतं का, हे मी विचारलं नाही.

गावातली बाकीची घरंही एकेक करून बंद झाली. जमिनी विकल्या गेल्या, कोणी ठाकुर्लीला गेलं, कोणी कल्याणला. आमच्या आळीत आता दोन चुली पेटतात. एक माझी, दुसरी माझ्या चुलतभावाच्या विधवेची. ती मला वहिनी लागते. वयाने मोठी आहे, गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. पूर्वी धवले म्हणायला तिला दहा गावांतून बोलावणं यायचं. लग्नाची गाडी तिला न्यायला यायची तेव्हा ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसायची, नवरीच्या मामाला मागे बसवून.

रविवारी मी मुलाकडे जायचो. जायच्या आधी चोळून अंघोळ, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. रिक्षावाले गावात यायला कुरकुर करतात, म्हणून मी हमरस्त्यापर्यंत चालत जातो. तिथे पोचलो की सून दार उघडायची, पाया पडायची, आणि लगेच देवाजवळ अगरबत्ती लावायची. रविवार असो, सण असो, मी गेलो की अगरबत्ती. मग माझ्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकायची. "बाबा, इथे बसा, हवेशीर आहे." मी गावात वहिनीला सांगायचो, "माझी सून शहरातली असली तरी रीत सोडलेली नाही. सासरा घरात आला की आधी देवासमोर अगरबत्ती लावते."

वहिनी म्हणायची, "तुजी आरती पन करल येक दिस."

तर नातीचं लग्न ठरलं. नवरामुलगा ठाण्याचा, चांगला आहे, कमी बोलतो. लग्नाची बोलणी झाली त्या रविवारी मी गॅलरीतल्या खुर्चीतून विचारलं, "हळद कधी दळायची?"

मुलगा म्हणाला, "बाबा, हॉल घेतलाय. शीळफाट्याच्या रोडला. एसी आहे."

"हॉलचं नाही विचारलं. हळद."

"हळद मिळते हो बाबा. पाकिटात. ऑरगॅनिक आहे, बघा, वास पण मस्त येतो."

"आपल्यात पाकीट लावत नाहीत पोरीला. दळतात."

"आता कोण दळतं?"

"मी आहे तोवर आपण दळतो."

सून स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचा आवाज हळू होता. "बाबा, पाहुण्यांना तिकडे कसं न्यायचं?"

"तुला नेलं तसं. तूही त्याच रस्त्याने आलीस की, माप ओलांडून."

ती आत गेली. मुलगा मोबाईल बघायला लागला. तेव्हा नात मधे पडली. केस ओले होते, टॉवेल खांद्यावर. "पप्पा, सिम्पल आहे. हळद हॉलवर, दळण आजोबांकडे. आपण घरच्या बायका जाऊ, दुपारी दळू, संध्याकाळी हॉलवर. काय प्रॉब्लेम आहे?" मग माझ्याकडे वळून, "पण आजोबा, जातं चालतं का अजून?"

"तुझ्या बापापेक्षा बरं चालतं."

ती हसली. मच्छरदाणीत हसायची तसं. मी त्या दिवशी हमरस्त्यापासून घरापर्यंत चालत आलो ते मला कळलंच नाही.

जातं पलंगाखाली होतं, गोणपाटात. त्याचा दगड गुळगुळीत झालेला. टाकी मारून घेतल्याशिवाय दळलं गेलं नसतं. टाकी मारणं म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करणं. कल्याणच्या बाजारात फूटपाथवर पाटे-वरवंटे घेऊन एक बाई बसते, तिला गाठलं. ती म्हणाली, "काका, जातं घेऊन या."

"जातं येणार नाही. तूच ये. चहा देतो, भाकरी देतो."

ती आली. पदर नाकावरून बांधून तिने सगळं काम केलं, चहा प्यायला तेवढा खाली घेतला. दगडाची पूड उडते, म्हणून असेल, असं मला वाटलं. पूड कधीच बसलेली तरी ती पदर बांधूनच निघाली. जाताना म्हणाली, "काका, हितं एकटंच राहता?" मी म्हटलं, एकटा कसला, माझं गाव आहे.

अंगण शेणाने सारवलं. शेण तबेल्यातून आणलं. दारच्या आंब्याच्या डहाळ्या काढल्या. पानांवर काजळी बसते, ती पावसाशिवाय जात नाही, म्हणून एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. खालून हिरवंगार निघालं. पाणी नळाचं वापरलं, विहिरीचं नाही. हळकुंडं बाजारातून आणली आणि अंगणातल्या बाजेवर उन्हात टाकली. चांगली कडकडीत वाळल्याशिवाय ती दळत नाहीत.

आणि त्याच आठवड्यात डोंगर पेटला.

उन्हाळ्यात तो पेटतो. आतून धुमसत असतो, मग कुठेतरी ज्वाळा वर येते. बंबवाले आले, पाणी मारून गेले. ज्वाळा गेली, धूर राहिला. पांढरा, जाड, खाली बसणारा धूर. गावावर तो असा पडतो की शेजारचं घर दिसत नाही. डोळे चुरचुरतात. घारी मात्र वर मजेत फिरत असतात. मी हळकुंडं आत घेतली नाहीत. आत घेतली असती तर दमट राहिली असती, जात्याने पकडली नसती. धुरात असलं तरी ऊन ते ऊन.

दळणाच्या दिवशी दुपारी मी धोतर नेसून ओट्यावर बसलेलो. जातं मधोमध, त्याला टाळा बांधलेला, बाजूला सूप, सुपात हळकुंडं. वहिनी काठी टेकत आली. ती नऊवारी नेसलेली, कपाळाला कुंकवाच्या जागी बुक्का. जात्याजवळ भिंतीला टेकून बसली. तिला आतून मशेरी आणि बाहेरून धूर, दोन्हीकडून खोकला आलेला.

"कंला धुरात बसवलास रं म्हाताऱ्या? माजा गला बसल तं धवला कोन गाल, तुजा बाप?"

"येतील एवढ्यात. तू पाणी पी."

बराच वेळ गेला. मग फोन वाजला. मुलगा.

"बाबा, आम्ही वळणावर आहोत. इथून पुढे काही दिसत नाहीये."

"मी येतो पुढे. हात धरून आणतो."

"नको. ठाकुर्लीच्या काकीला दमा आहे, तिला उलटी आली. गाडीत लहान पोरं आहेत. हिचे डोळे लाल झालेत." मागे बायकांचे आवाज, कोणीतरी म्हणत होतं, काचा लाव, काचा लाव. "बाबा, मी गाडी वळवतोय. तुम्हीपण चला. मी रिक्षा पाठवतो."

मी विचारलं, "ती कुठे आहे?"

नातीने फोन घेतला. "आजोबा, मी उतरून येऊ का?" तिच्या पाठीमागून तिची आई ओरडली, "वेडी आहेस का? उद्या लग्न आहे!"

मी म्हटलं, "नको. तू बस गाडीत. मेकअप खराब होईल."

तिने मेकअप केलेला नव्हता, दळायला येताना कोण करतं. पण दुसरं काही सुचलं नाही. गाडी वळल्याचा आवाज फोनमधून आला आणि रस्त्यावरूनही आला, थोडा मागून.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "नाय येत ना?"

"नाही."

"मंग उचल तुजा जाता."

मी जात्यासमोर बसलो. खुंटा धरला. पुरुषाने हळद दळायला बसणं आमच्यात कोणी बघितलेलं नाही. वहिनीने तोंडावर हात ठेवला. "अरे मेल्या, बाया मेल्या का सगल्या? तू दलनार?"

"तुझे गुडघे जमिनीला लागतात का? नाही ना? मग तू गा. मी दळतो."

"तुजी बायको वरशी बगून हसत आसल."

"हसू दे. किती दिवसांनी हसतेय."

मग ती गायला लागली. आवाज फाटलेला, मधे खोकला, खोकल्यानंतर जिथे सोडलं तिथूनच पुढे. मी हळकुंड टाकत गेलो, जातं फिरवत गेलो. सुरुवातीला जातं अडत होतं, मग लागलं. पाळ्यातून पिवळं पीठ झिरपायला लागलं. धुरामुळे सगळं पांढुरकं दिसत होतं, तेवढीच एक गोष्ट पिवळी. वहिनी धवल्यात नवरीच्या आजीचं नाव घेते, तशी रीत आहे. तिने माझ्या बायकोचं नाव घेतलं. ते नाव मोठ्याने कोणी घेतल्याला फार दिवस झालेले. माझा हात थांबला. तिने काठीने जात्याला टकटक केलं. "थांबू नको, तुटल." मी परत फिरवायला लागलो.

पीठ वस्त्रगाळ केलं, पितळेच्या डब्यात भरलं, बायकोच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. वहिनीला म्हटलं, चल हॉलवर. ती म्हणाली, "मी धवला गायलाय, माजा लगीन झाला. तू जा."

हमरस्त्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून बघितलं आणि पडदा वर बांधला.

हॉल गारेगार होता. सगळीकडे झेंडू, बायका पिवळ्या, पोरं पिवळी, डीजेचा धडधडाट. नात मधे पाटावर बसलेली. मला बघून तिने डीजेवाल्याला हात केला. गाणं बंद झालं. ती ओरडली, "आजोबा हळद घेऊन आले!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी गाडीतून परत गेलेल्या त्याच बायका.

मी पुढे जाऊन बसलो, गाठ सोडली आणि डबा उघडला.

आधी काही झालं नाही. मग विहीणबाईंच्या शेजारची एक बाई म्हणाली, "काहीतरी जळतंय का हो?"

"हो ना, वायर जळल्यासारखं."

"प्लास्टिक आहे. एसीतून येतंय का?"

हॉलचा माणूस धावत आला, भिंतीवरचा बोर्ड हुंगायला लागला. दोघं-तिघं वर बघत होते, एकाने पंखा बंद केला. मीही वर बघितलं. मीही श्वास ओढून बघितला. मला काहीच येत नव्हतं. झेंडूचाही नाही, हळदीचाही नाही. समोर इतकी फुलं, माझ्या हातात ताजी दळलेली हळद, आणि नाकात फक्त गार हवा.

मग हळूहळू सगळे खाली बघायला लागले. डब्याकडे.

सुनेने ओठ घट्ट मिटलेले, डोळे खाली. तिला आधीच कळलेलं, तिला नेहमीच कळायचं. मला अगरबत्ती आठवली. गॅलरीतली खुर्ची आठवली. टाकीवालीचा पदर, रिक्षाचा पडदा. मी धोतर नीट केलं. दुसरं काय करणार.

मुलगा पटकन पुढे झाला. "बाबांनी स्वतः दळलीय. आपण ही देवाजवळ ठेवू. देवाचा मान."

"देवाला काय नाक नाही?" मी म्हटलं.

कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. मुलाने डब्याला हात लावलेला, मी सोडला नाही. दोघांनी दोन्ही बाजूंनी डबा धरलेला. मला उठून जायचं होतं, पण उठलो असतो तर डबा त्याच्याकडे गेला असता.

नात म्हणाली, "पप्पा, सोडा." मग डब्यात वाकून तिने वास घेतला. चांगला, ओढून. आणि सरळ बोलली, "आजोबा, धुराचा वास येतोय. खूप येतोय. आपल्या घराचा." तिने साडी वर घेतली आणि दोन्ही पाय पुढे केले. "पायापासून लावतात ना? लावा मग. घरची पायाला, तिकडून येईल ती अंगाला."

मी आंब्याचं पान बुडवून तिच्या पायांना हळद लावली. बोटांना, घोट्यांना, टाचांना. विहीणबाई पुढे आल्या आणि त्यांनीही एक बोट डब्यात बुडवून पावलाला लावलं. बाकी कोणी आलं नाही. मीही बोलावलं नाही. डीजे परत सुरू झाला.

जेवण झाल्यावर मुलगा गाडीजवळ म्हणाला, "बाबा, आता आमच्याकडेच राहा. तिची खोली रिकामी होतेय."

मी म्हटलं, "बघू."

तो म्हणाला, "तुमचं बघू म्हणजे नाही."

"मग कशाला विचारतोस?"

त्याने मला वळणापर्यंत सोडलं. पुढे मी चालत आलो.

लग्न झालं. नात ठाण्याला गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून हात हलवला, मी टोपी हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहाला आली. धूर जरा उतरलेला. तिने ओट्यावर बसायच्या आधीच विचारलं, "लावली का रं?"

"लावली."

"कुटं?"

"पायाला."

"मंग झाला की. पाय तं घरानच असतान पोरीचं." तिने गुडघे चोळले. "वास आला का कुनाला?"

मी तिच्याकडे बघितलं. हिला आधीच माहीत होतं, का माझ्यासारखं हिलाही काही कळलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी आत गेलो, दुधाचं पातेलं आणलं. कालपासून बाहेर राहिलेलं. तिच्यासमोर धरलं.

"बघ गं, नासलंय का?"

तिने पातेलं दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेलं. वास घेतला. परत घेतला. डोळे मिटून घेतला. मग पातेलं माझ्या हातात दिलं.

"मना पन नाय कलत रं."

मी स्टोव्ह पेटवला आणि दूध वर ठेवलं. तापलं की फाटतंय का राहतंय ते दिसणारच होतं. आम्ही दोघं पातेल्याकडे बघत बसलो.